सोमवारचा लसूण

माझा नवरा चर्चचा पाळक आहे, आणि त्याचे उपदेश ऐकायला लोक दुसऱ्या मंडळ्यांमधून उठून येतात. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्या उपदेशांत काय कुठून येतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून जातं.

आम्ही दोघं सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, एकाच वर्गात होतो. नव्या कराराच्या मूळ भाषेत, ग्रीकमध्ये, मी पहिली यायची आणि तो काठावर पास व्हायचा, तेही माझ्या शेजारी बसून. पण दीक्षा मिळाली त्याला. आमच्या वेळी बायकांना दीक्षा देत नव्हते. बाईने हवं तेवढं शिकावं, फक्त व्यासपीठावर चढू नये, असा मोठा शहाणा नियम होता. मग मी त्याच्याशी लग्न केलं आणि पाळकीणबाई झाले. आता दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, फोन घेते आणि गालाला हात लावून आलेल्या माणसांना उद्याची वेळ देते. सोमवारी दवाखाना बंद असतो. पाळकाचीही सुट्टी सोमवारीच.

म्हणून सोमवार आमचा. कोणत्या रविवारी शास्त्रातला कोणता उतारा वाचायचा हे आमच्यात पाळक ठरवत नाही. वाचनक्रम वरून छापून येतो आणि तीन वर्षांनी फिरून तेच उतारे येतात. सकाळची भांडी आवरली की मी टेबलावर ग्रीक पाठ उघडायची, शेजारी जाडजूड कोश, आणि त्या रविवारचा उतारा ओळीओळीने फोडून सांगायची. तो समोर बसून लसूण सोलायचा. नुसतं ऐकायला बसवलं की त्याचे डोळे मिटतात हे मला वर्गापासून माहीत होतं, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी त्याच्यापुढे लसणाची टोपली सरकवली. उतारा जितका अवघड तितका लसूण जास्त. काही आठवड्यांत तर फ्रीज उघडला की वासानेच शेजारणीला कळायचं, या रविवारी काहीतरी कठीण येणार आहे.

रविवारी तो तेच सांगायचा. माझ्यापेक्षा चांगलं सांगायचा, हे कबूल करायला हवं. मी सांगते ते गणित सोडवल्यासारखं वाटतं. तो सांगतो तेव्हा लोक रुमाल काढतात. उपासना संपली की दारात उभा राहून सगळ्यांचे हात हातात घ्यायचा आणि लोक म्हणायचे, पाळकसाहेब, आज डोळे उघडलेत. मी शेजारी उभी राहून हसायची. एखादी म्हातारी माझ्याकडे वळून म्हणायची, तुझं भाग्य थोर, असा नवरा मिळाला. पोटात दुखायचं, पण ते सोसण्यासारखं होतं. कारण उद्या सोमवार असायचा, आणि टेबलापाशी कोण सांगतं आणि कोण ऐकतं हे आम्हा दोघांना माहीत होतं.

आमचा सगळ्यांत गाजलेला उपदेश द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरचा. येशूने सांगितलेली ती साधी गोष्ट आहे. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो, मजूर ठरवतो, दिवसाची मजुरी बोलतो. नऊला पुन्हा जातो, आणखी काहींना आणतो. बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला आला असताना पाचला जातो, तेव्हाही काही जण उभेच असतात. तुम्ही दिवसभर रिकामे का उभे, तो विचारतो. आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही, ते म्हणतात. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी मिळते, तीही शेवटी आलेल्यांना आधी. पहाटेपासून राबलेले हे बघत उभे राहतात आणि कुरकुरतात.

मी त्या सोमवारी म्हटलं होतं, हा माणूस इतक्या वेळा बाजारात जातो कशाला? एवढा मोठा मळा चालवणाऱ्याला पहाटेच कळतं किती हात लागतील. तो मळ्यासाठी जात नाही. बाजारात कोणी रिकामं उभं आहे हेच त्याला बघवत नाही. लसूण सोलता सोलता नवऱ्याचा हात थांबला. रविवारी त्याने व्यासपीठावरून ते एका वाक्यात बसवलं: मालकाला मळ्याची नाही, माणसांची काळजी होती. मंडळीने ते वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवून सभागृहाच्या भिंतीवर लावलं. खाली त्याचं नाव. दर बुधवारी शास्त्राभ्यासाला मी बरोबर त्या पाटीसमोर बसते.

मग गेल्या वर्षी विदुषी आली.

मधल्या काळात नियम बदलला होता. बायकांना दीक्षा द्यायचं ठरलं. ती बातमी आली तेव्हा मी दवाखान्यात एका गृहस्थांना अक्कलदाढेसाठी गुरुवारची वेळ देत होते. वय उलटून गेलेल्यांचं काय, असं मी विचारायला हवं होतं की नव्हतं ते अजून मला कळत नाही. नव्या नियमाने दीक्षा घेऊन आमच्या मंडळीत सहपाळक म्हणून जी आली ती माझ्याहून पुष्कळ लहान, डॉक्टरेट केलेली, पायात कॅनव्हासचे बूट. विदुषी हे नाव मीच ठेवलं, मनातल्या मनात. पहिल्याच बुधवारी तिने आपली पद्धत समजावून सांगितली. गोष्टीत जो बोलतो त्याच्याकडे सगळेच बघतात. हल्लीच्या अभ्यासात आम्ही जो बोलत नाही त्याच्याजवळ जाऊन उभे राहतो आणि तिथून गोष्ट वाचतो, असं ती म्हणाली. मी मान डोलावली. फार चांगलं बोलली आणि त्याचाच मला राग आला.

पुढच्या सोमवारी नवरा म्हणाला, आज जरा चर्चच्या ऑफिसात जाऊन येतो, तिला कामाची माहिती द्यायची आहे. त्याच्या पुढच्या सोमवारी तिची नवी पुस्तकं आली होती, ती बघायची होती. त्याच्या पुढच्या सोमवारी त्याने कारणच सांगितलं नाही. टोपलीतल्या लसणाला कोंब फुटले. मी आमटीला लागेल तेवढाच चमचाभर लसूण सोलायची आणि बाकीच्याकडे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझी नणंद चार घरं पलीकडे राहते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि जे सुटत नाही त्याचा अर्थ ती हमखास चुकीचा लावते. एक दिवस भाजी निवडता निवडता तिने आवाज खाली आणून मला सांगितलं की वहिनी, लक्ष ठेवा, माझा भाऊ असला तरी शेवटी पुरुष आहे. मला हसू आलं. तसलं काही असतं तर किती सोपं होतं. भांडता आलं असतं, माहेरी निघून जाता आलं असतं, चार बायका माझ्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या. माझा नवरा दुसऱ्या बाईबरोबर ग्रीक वाचतो, ही तक्रार घेऊन मी कोणाच्या दारात जाणार होते?

पण मत्सर मत्सरच असतो. मला झोप येईना. ती त्याला काय सांगत असेल, माझ्याहून जास्त काय सांगत असेल, हे डोक्यात घोळत राहायचं. माझा कोश जुना, बांधणी सुटलेला. तिच्याकडे सगळं लॅपटॉपवर. शब्द टाकला की उत्तर समोर. मी दवाखान्यातून येताना एकदा पुस्तकांच्या दुकानात गेले आणि एका नव्या भाष्यग्रंथाची किंमत विचारून परत आले.

एका सोमवारी तो चष्मा घरी विसरला. विसरला हे बघून मला किती आनंद झाला ते सांगायची लाज वाटते. चष्मा पर्समध्ये टाकला आणि तडक ऑफिस गाठलं. ऑफिसच्या दाराला वर काच आहे. आतमध्ये टेबलाच्या एका बाजूला विदुषी, दुसऱ्या बाजूला माझा नवरा. मी मनाशी जे चित्र रंगवलं होतं ते असं, की ती सांगतेय आणि तो माझ्यासमोर ऐकतो तसा ऐकतोय.

ती ऐकत होती. पेन घेऊन, पुढे वाकून लिहून घेत होती. सांगत तो होता. त्याचे हात मोकळे होते आणि तो ते हवेत फिरवत होता. दार पुरतं लागलेलं नव्हतं, त्यामुळे शब्द ऐकू आले. पहाटेच्या मजुरांना मालकाने मुद्दाम थांबवून ठेवलं, हे बघा. त्यांना आधी पैसे दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते. शेवटपर्यंत उभं राहून दुसऱ्याचं भलं झालेलं बघणं, ही त्यांची दिवसभरातली सगळ्यांत जड मजुरी होती.

ते माझं होतं. शब्दन् शब्द माझा होता, मागच्या खेपेला हा उतारा आला तेव्हाचा. त्याच दिवशी त्याने सगळ्यांत जास्त लसूण सोलला होता. विदुषी मान वर करून म्हणाली, "सर, हे तुम्हाला सुचतं कसं?" आणि माझा नवरा हसला. मी जन्मात त्याच्या चेहऱ्यावर तसं हसू पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर बसला की तो काठावर पास होणारा मुलगा असतो. तिथे तो गुरू होता.

मी चष्मा बाहेरच्या बाकावर ठेवला आणि घरी आले. तोवर मी तिच्यावर जळत होते. येताना रस्त्यात कळलं की मी दोघांवरही जळतेय: त्याच्यावर, कारण माझं सगळं तो तिच्यासमोर मिरवतोय, आणि तिच्यावर, कारण माझंच सांगणं शिकणारी ही विद्यार्थिनी इतकी चांगली होती, आणि ती माझी नव्हती. रात्री तो जेवायला बसल्यावर मी विचारलं, काय वाचताय सध्या? तो म्हणाला, असंच, थोडं थोडं. मी ताटं उचलली.

त्या आठवड्यात वाचनक्रमात द्राक्षमळाच होता. बुधवारी संध्याकाळी सभागृहात नेहमीसारख्या खुर्च्या गोलात मांडल्या. नणंद माझ्या शेजारी, पलीकडे ऑर्गन वाजवणारे काका, मंडळीचे सेक्रेटरी, आणि आणखी नेहमीची माणसं. नवऱ्याने दाखला वाचला, पुस्तक मिटलं, भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं आणि आपलं गाजलेलं वाक्य म्हटलं. माणूस रिकामा उभा राहिलेला या मालकाला बघवत नव्हता, म्हणून तो पुन्हा पुन्हा बाजारात जात होता, असं त्याने पुढे उलगडून सांगितलं. काकांनी मान डोलावली. सेक्रेटरींनी डोळे मिटले.

विदुषीने हात वर केला.

"सर, मला एक अडतंय," ती म्हणाली. "पाचला जे भेटले ते दिवसभर तिथेच उभे होते. मालकच त्यांना तसं म्हणतो. म्हणजे नऊला तो आला तेव्हा ते तिथे होते. बाराला होते. तीनलाही होते. मग तो प्रत्येक वेळी त्यांच्यासमोरून दुसऱ्यांना घेऊन गेला. त्याला बघवत नव्हतं, तर हे त्याला दिसले कसे नाहीत?"

ती त्याला कोंडीत पकडत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ज्या माणसाला एवढं सुचतं त्याच्याकडे याचंही उत्तर असणार, अशा विश्वासाने ती पेन उघडून थांबली होती.

माझ्या नवऱ्याने पुस्तक पुन्हा उघडलं. दाखल्याची भाषा लाक्षणिक असते, म्हणाला. मग म्हणाला, बाजार मोठा असेल. ज्याने घर बांधलंच नाही त्याला कुठली भिंत काढली तर छप्पर राहील हे कळणार कसं? त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. वर्गात तोंडी परीक्षेला उभं केलं की तो असाच बघायचा.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. गुरू व्हायचं होतं ना, हो आता. मी मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसले. आणि स्वस्थ बसल्याबसल्या तिचा प्रश्न माझ्या मनात शिरला, आणि मी उत्तर शोधू लागले. सापडेना. मी मालकाबरोबर बाजारात गेले होते, मालकाबरोबर परत आले होते, पाचही वेळा. मागे उरलेल्यांकडे एकदाही वळून बघितलं नव्हतं. प्रश्न बिनतोड होता. माझं सगळ्यांत लाडकं वाचन मुळातच चुकलं होतं आणि भिंतीवर रंगवून लावलं होतं.

नवरा म्हणत होता, "असं बघा, मी जेव्हा यावर पहिल्यांदा विचार केला, तेव्हा बहुधा माझ्याकडून ही बाब..."

माझी चूकही तो आपल्या नावावर घेत होता. मोठ्या मनाने घेत होता, वर शाबासकीही मिळवली असती. कौतुक मी इतकी वर्षं दिलं होतं. चूक द्यायला मात्र माझं मन तयार होईना.

"ती चूक त्यांची नाही," मी म्हटलं. "माझी आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नणंद हळूच म्हणाली, वहिनी, खाली बसा. तेव्हा मला कळलं की मी उभी आहे.

"हे वाक्य मी रचलेलं नाही, पण त्याच्यामागचा विचार माझा आहे. आमच्या स्वयंपाकघरात, सोमवारी. याच्या आधीचे उपदेशही बहुतेक तिथलेच. मालक बाजारात का जातो एवढंच मी विचारलं. कोणाला सोडून जातो हे विचारलं नाही. तुमचं बरोबर आहे, आणि या घटकेला माझ्याकडे त्याचं उत्तर नाही."

विदुषी माझ्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे, मग पाटीकडे, मग तिच्या हातातल्या वहीकडे. वहीची मागची पानं तिने हळूच चाळली. काका म्हणाले, आता प्रार्थना करू या. आमच्याकडे काय करावं सुचेनासं झालं की कोणीतरी हे म्हणतंच.

घरी जाताना आम्ही दोघं चालत होतो. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरच्या रस्त्याला लागलं की अरे. त्या दिवशी मी काहीच म्हणत नव्हते.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी तो म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"तुला ती चूक हवी होती का?"

तो थोडा चालला. "इतकी वर्षं बोलली का नाहीस मग?"

"कोणी बोलावलंच नाही," मी म्हटलं.

बोलून गेले आणि मग मलाच ऐकू आलं मी काय म्हटलं ते. त्यालाही आलं असणार, कारण तो रस्त्यातच थांबला. आजपर्यंत मी स्वतःला पहाटेचा मजूर समजत होते, दिवसभर राबून शेवटी दुसऱ्याची मजुरी बघत उभा राहिलेला. त्याच रुबाबात मी जळत होते. आणि खरं तर मी अजून बाजारात होते. नवरा नऊला आला होता, बाराला आला होता, तीनला आला होता, माझ्याशी बोलून मला तिथेच ठेवून गेला होता. दिव्याखाली त्याचा चेहरा उतरलेला दिसत होता. तो माफ कर म्हणाला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून पुढे गेले.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. विदुषी होती, काखेत लॅपटॉप, आणि दारातच कॅनव्हासचे बूट काढायला खाली वाकलेली. पाळकीणबाई म्हणू की ताई म्हणू, तिने विचारलं. मी म्हटलं, काही म्हण, आत ये. टेबलावर मी ग्रीक पाठ उघडला, तिने आपला लॅपटॉप उघडला, आणि आम्ही बाजारात मागे उरलेल्यांपाशी जाऊन उभ्या राहिलो. ती म्हणाली, मालकाला ते दिसले नाहीत, कारण तो कामाला उपयोगी दिसतील अशी माणसं निवडत होता; पाचला निवडायला कोणी उरलं नाही, तेव्हा कुठे त्याने पहिल्यांदा विचारलं, तुम्ही का उभे आहात? आधीच्या खेपांना त्याने हे कोणालाच विचारलं नव्हतं. मी पाठ वर खाली तपासला. नव्हतं विचारलं. इतक्या वेळा वाचूनही ते माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं आणि या पोरीने चहा निवायच्या आत दाखवलं. मत्सर गेला असं कोणी समजू नये. तो तिथेच माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसला होता, फक्त आता त्याला बोलायला वेळ मिळत नव्हता.

मी म्हटलं, मग त्याने सगळ्यांना सारखी मजुरी दिली ती दया म्हणून नसेल, भरपाई म्हणून असेल. तिने टेबलावर थाप मारली. दोघी एकदम बोलू लागलो.

नवरा दारात येऊन उभा होता. केव्हापासून ते माहीत नाही. एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लांबून ओळखलं. काचेच्या दाराबाहेर उभी असताना माझ्या चेहऱ्यावर तेच होतं. मला त्याची दया यायला हवी होती.

"मी बसू का?" त्याने विचारलं.

"लसूण संपलाय," मी म्हटलं. "बाजारातून घेऊन ये, मग बस."

तो पिशवी घेऊन निघून गेला. टेबलाखाली लसणाची टोपली अर्धी भरलेली होती. विदुषीच्या पायाला ती लागली, तिने वाकून आत बघितलं, आणि पुढची ओळ वाचायला घेतली.